आई-बाबा, एकदा तालिसायला जेवायला या

प्रिय आई आणि बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की आख्खं डुक्कर निखाऱ्यावर भाजतात तर कातडी जळत कशी नाही आणि आतलं मांस शिजतं कसं. आई मागून म्हणाली, "ते जाऊ दे, आम्ही तिकडे आलो तर बसायचं कुणात आणि खायचं काय?" फोनवर सांगण्याइतकं हे छोटं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. दोघांच्या प्रश्नांचं उत्तर मला एकाच जागी मिळालंय.

इथे फिलिपिन्समध्ये, सेबू शहराच्या दक्षिणेला लागूनच तालिसाय आहे. समुद्राकाठचं गाव, आता शहर झालंय. इथलं देऊळ अविलाच्या संत तेरेजाचं आहे आणि १५ ऑक्टोबरला तिचा सण असतो. त्या दिवशी घराघरांत लेचोन, म्हणजे आख्खं भाजलेलं डुक्कर असतं. सेबू बेटावर लेचोनसाठी दोन गावांची नावं घेतात, तालिसाय आणि त्याच्याही दक्षिणेचं कारकार. कारकारच्या बाजारात विक्रेते आधी हातावर तुकडा ठेवतात, चव बघा म्हणतात आणि मग वजन करतात. पण माझा जीव जडलाय तो तालिसायच्या एका लहानशा खाणावळीवर. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मुलगी तिथलीच, तिनेच मला पहिल्यांदा नेलं. पुढे पाच-सहा टेबलं, त्यावर मेणकापड, वर पत्रा. मागच्या अंगणात भट्टी. गल्ल्याच्या वर फळीवर लाल झगा घातलेला बाळ येशू, त्याच्यासमोर ताजी फुलं.

आता बाबा, तुमचा प्रश्न. खाणावळीचे मालक तुमच्याच वयाचे आहेत. त्यांनी मला सकाळी लवकर बोलावलं आणि भट्टीपाशी बसवून सगळं दाखवलं. डुक्कर साधारण वीस-पंचवीस किलोचं घेतात. फार मोठं घेतलं तर बाहेरून होतं आणि मांडीशी कच्चं राहतं. पोट साफ करून आत भरतात गवती चहाच्या जुड्या, लसणाचे गड्डे ठेचून, पातीचा कांदा, मीठ, मिरी आणि थोडं चक्रीफूल. गवती चहा इतका घालतात की पोट शिवताना पाती बाहेर डोकावतात. मग जाड सुईने पोट शिवून टाकतात. आतल्या पाल्याची वाफ कोंडते आणि त्या वाफेवर पोटाचं मांस शिजतं, बाहेरच्या धगीवर एकटं सोडत नाहीत. म्हणून पोटाकडचा भाग सगळ्यांत वासाचा असतो आणि जाणते लोक तोच मागतात.

निखारे डुकराच्या बरोबर खाली नसतात. मला वाटलं होतं खालून धग देत असतील. ते दोन्ही बाजूंना पसरतात आणि खांदा व मांडी जिथे येते तिथे ढीग जास्त ठेवतात, कारण मांस तिथे जाड. मधे, पोटाखाली, जवळजवळ मोकळं. चरबी गळते ती निखाऱ्यावर न पडता राखेत पडते, त्यामुळे भडका उडत नाही आणि कातडी काळी पडत नाही. कोळसा सुबाभळीचा आहे, इथे तिला इपिल-इपिल म्हणतात. लांब बांबू तोंडापासून शेपटीपर्यंत आरपार घातलेला असतो आणि एक माणूस तो सतत फिरवत राहतो. मधूनमधून नारळाचं पाणी कातडीला लावतात. सुरुवातीला मंद आच, शेवटी धग वाढवतात. असं तीनेक तास चालतं. कातडीचा रंग आधी पिवळट, मग तांबूस, मग गडद लालसर तपकिरी होतो, आणि वर बारीक फोड येतात. सुरीच्या पाठीने टकटक केलं की आवाज कोरडा यायला हवा.

बांबू आता त्यांचा नातू फिरवतो. मालकांचे गुडघे दुखतात, तुमच्यासारखेच. ते खुर्ची टाकून भट्टीपासून थोडे लांब बसतात, आणि तिथूनच सांगतात, डावीकडे निखारा ओढ, आता पाणी लाव, आता हात सावकाश. कितीदा तर त्यांचं तोंड रस्त्याकडे असतं आणि तरी त्यांना कळतं, कारण चरबी गळण्याचा आवाज बदलतो. नातू एकदाही म्हणत नाही की आजोबा, मला येतं. मी ते बघत बसले आणि मला तुम्हीच दिसत होतात. आपल्या वाडीत कुणाचंही लग्न असलं की आदल्या दिवशी चुलीपाशी तुम्ही असायचात. मिरची, जिरं आणि लसूण सिरक्यात वाटायचं प्रमाण तुमच्या हाताला माहीत होतं, मोठ्या टोपात डुकराचं इंदयाल शिजताना झाकण न उघडता तुम्ही सांगायचात की अजून अर्धा तास. अँजिओप्लास्टीनंतर तुम्ही चुलीपाशी जायचं सोडलंत ते बरोबरच केलंत, धूर आणि जागरण नकोच. पण त्याबरोबर सांगणंही सोडलंत. "आता केटरर असतात, आमचं काय काम" हे तुम्ही म्हणता तेव्हा मला फार वाईट वाटतं, बाबा. काम आहे. इथे एक आख्खी खाणावळ खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कानावर चाललेली मी बघतेय.

साडेदहा-अकराला लेचोन तयार होतं आणि रविवारी दुपारी एकच्या आत संपतं. चिंचेच्या ओंडक्यावर सुऱ्याने तुकडे करतात, आपल्या मटणवाल्याकडे असतो तसाच ओंडका. पाव किलो, अर्धा किलो, किलो, जसं हवं तसं तोलून देतात. कातडी आधी वेगळी काढून तिचे तुकडे सगळ्यांच्या वाट्याला येतील असे वरून ठेवतात, कारण खरं भांडण तिच्यावरूनच होतं. दाताखाली ती पापडासारखी फुटते आणि आतली पातळ चरबी जिभेवर विरघळते. पोटात साठलेला रस मालकांची सून वाटीत वेगळा देते. मनिलाकडे लेचोनबरोबर काळजाचं दाट, गोडसर सॉस खातात. सेबूच्या लोकांना ते पटत नाही, त्यांच्या मते चांगल्या लेचोनला सॉस लागतच नाही. मलाही तसंच वाटायला लागलंय. फार तर बाजूला सिरका, त्यात ठेचलेल्या बारीक तिखट मिरच्या आणि कांदा.

आणि हा सिरका, आई, माडीचा आहे. नारळाच्या झाडावर चढून काढलेली माडी इथे तुबा म्हणून पितात, कांदळवनातल्या झाडाची साल घालून तिला लालसर करतात, आणि ती आंबली की तिचाच सिरका होतो. आजीच्या फडताळातल्या काचेच्या बरणीचं झाकण उघडल्यावर यायचा तोच वास. स्पॅनिश लोकांच्या जहाजांवरून इथले खलाशी मेक्सिकोला गेले आणि ही माडी काढायची कला तिकडे घेऊन गेले. तिथल्या कोलिमा भागात आजही तुबा विकतात. उलट दिशेने मिरची आली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर आली, इथे स्पॅनिशांबरोबर. डुक्कर मात्र इथे स्पॅनिशांनी आणलं नाही. १५२१ मध्ये स्पॅनिश मोहिमेचा दर्यावर्दी मॅगेलन सेबूला पोचला, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या पिगाफेत्ताने इथल्या म्हाताऱ्या बायका डुकराचा बळी देताना विधी कसा करतात ते लिहून ठेवलंय. म्हणजे लेचोनला नाव परक्यांनी दिलं, पण सणाला डुक्कर हवंच, ही रीत यांचीच आधीपासूनची.

भाताचं सांगायचं राहिलं. भात ताटात वाढत नाहीत. नारळाच्या कोवळ्या पात्यांची छोटी पिशवी विणतात, तिच्यात तांदूळ भरून उकळतात. तिला पुसो म्हणतात. दारात त्यांचे घोस लटकत असतात. एक घ्यायचा, सुरीने मधोमध चिरायचा, आतला भात घट्ट वडीसारखा निघतो आणि त्याला पात्यांचा वास असतो. पातळ प्लास्टिकचे हातमोजे देतात, ते घालून हाताने खायचं. बाबा, काट्या-चमच्याची काळजी नको.

आता आई, बसायचं कुणात. रविवारी देवळातली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सुटली की घरंच्या घरं तिथे येतात. आजी आली की नातवंडं उठून तिचा हात आपल्या कपाळाला लावतात, मग बसतात. जेवणाआधी क्रूसाची खूण करतात. शेजारच्या टेबलावरचे अनोळखी लोकही तू आत शिरलीस की "या, जेवायला बसा" म्हणतात, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नसतं. पहिल्या दिवशी सुनेने विचारलं, भारतातले लोक डुक्कर खातात? मी तिला वसई सांगितली. सांगितलं की आमच्याकडेही देवळाचा सण असतो, लग्नात डुकराचं मटण असतं, आणि आमच्या मातीतला गोन्सालो गार्सिया मनिलात येऊन फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाला होता, इथूनच जपानला गेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये तो संत झाला. तिला नागासाकीचे हुतात्मे माहीत होते, पण त्यांतला एक आमच्या गावाकडचा होता हे माहीत नव्हतं. तिने आतून सासऱ्यांना हाक मारली आणि मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं. मालकांनी ते लक्षपूर्वक ऐकलं आणि त्या दिवशी पैसे घेईनात. मी आग्रहाने दिले.

आई, तू हमखास विचारशील म्हणून लिहिते. रोज खात नाही. पगार झाला की किंवा सणावाराला. लेचोन महागही झालंय. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग २०१९ मध्ये फिलिपिन्समध्ये आला आणि मार्च २०२३ मध्ये सेबूत, कारकारला सापडला. माणसांना तो होत नाही, त्यामुळे घाबरू नकोस. पण घरामागे दोन-चार डुकरं पाळणं म्हणजे इथल्या कितीतरी घरांची शिल्लक. पोरांची फी, लग्नाचा खर्च त्यातून निघतो. मालक पूर्वी गावातल्याच घरांतून डुकरं घ्यायचे, प्रत्येक घराला ठरलेले पैसे जायचे. आता त्यांना मोठ्या फार्मकडून घ्यावी लागतात. त्याबद्दल बोलताना ते धंद्याचं बोलत नाहीत, त्या घरांचं बोलतात.

उरलेलं लेचोन इथे सिरका, लसूण आणि तेजपत्ता घालून परत शिजवतात. त्याला पाक्सिव म्हणतात. मागच्या महिन्यात मी उरलेल्या तुकड्यांचं तसं न करता तुझ्या बाटली मसाल्यात, बाबांच्या पद्धतीने, तालिसायच्याच सिरक्यात इंदयाल केलं आणि डबा भरून खाणावळीत नेला. मालकांनी दोनदा घेतलं. विचारलं, हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, बाबांनी. मग त्यांनी मला विचारलेले प्रश्न मला सुटेनात. मिरची सिरक्यात किती वेळ भिजवायची, चरबी आधी वितळवायची की मांसाबरोबर, दुसऱ्या दिवशी चव का वाढते. ते म्हणाले, वडिलांना घेऊन ये, मी त्यांनाच विचारतो.

म्हणून या. फेब्रुवारीत या. नाताळ आणि जानेवारीतले आपल्याकडचे सण झालेले असतील, आणि इथे बाळ येशूच्या सिनुलोग उत्सवाची जानेवारीतली गर्दीही ओसरलेली असेल. पाऊस कमी असतो. भारतीय पर्यटकांना जून २०२५ मध्ये १४ दिवसांपर्यंत व्हिसामाफी सुरू झाली. मुंबईहून सिंगापूर आणि तिथून सेबू, मधल्या विमानतळावर बाबांसाठी व्हीलचेअर मी आधीच सांगून ठेवीन. डॉक्टरांना विचारून घ्या. बाबा, तुमच्या वाट्याला दोन तुकडे आणि थोडी कातडी येईल, त्याहून जास्त मी देणार नाही. आई, तुला मी सेबूच्या बासिलिकात नेईन. मॅगेलनने सेबूच्या राणीला दिलेली बाळ येशूची मूर्ती तिथे आहे. १५६५ मध्ये ती जळलेल्या घरात शाबूत सापडली होती आणि आजही लोक तिच्यासमोर रांगा लावतात.

दोघांचे पासपोर्ट काढून मुदत बघा. सहा महिन्यांपेक्षा कमी उरली असेल तर लगेच नूतनीकरणाला द्या, दादा अर्ज भरून देईल. बाटली मसाला अर्धा किलो जास्त कर, आई, सुनेला द्यायचाय. आणि बाबा, त्या तीन प्रश्नांची उत्तरं मला फोनवर सांगू नका. ती मालकांना तुम्हीच द्या, मी मधे बसून दोन्हीकडचं भाषांतर करीन.

तुमची,
मोठी लेक