बिल वाचून दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

संत्रा बर्फीचा डबा तुम्ही दारातूनच परत पाठवलात, म्हणून हे आभार सर्वांसमक्ष लिहून मांडत आहे. पत्र तरी परत पाठवता येणार नाही.

गेल्या मे महिन्यात, नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या दोन दिवस आधी, आमच्या हाती 12,950 रुपयांचे वीजबिल पडले. यजमान ऑटो चालवतात आणि मी घरी ब्लाउज शिवते. ज्या घरात 700 रुपयांच्या वर बिल कधी गेले नव्हते, तिथे हा आकडा पाहून सासूबाईंनी पहिली गोष्ट केली ती कूलर बंद करण्याची. बाहेर 45 अंश तापमान आणि आत सत्तरी ओलांडलेली बाई ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेली. खरे सांगायचे तर त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे सल्ला मागायला नव्हे, उसने पैसे मागायला आले होते. तुम्ही पैशांचा विषयच काढला नाही. मागच्या चार महिन्यांची बिले आणि मीटरचा फोटो घेऊन या, एवढेच म्हणालात. त्या क्षणी मला तुमचा रागच आला होता, हे आज कबूल करते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात, शिलाई मशिनवर बिले ओळीने मांडलीत आणि भिंग धरून ‘चालू रिडिंग’च्या रकान्यावर बोट ठेवलेत. फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल या तिन्ही महिन्यांत तिथे आकडाच नव्हता. आमचा मीटर जिन्याखाली कुलूपबंद ग्रिलच्या आत असल्यामुळे कोणी रिडिंग घेतले नव्हते आणि थंडीतल्या वापरावरून महिना 74 युनिटांचे सरासरी बिल येत राहिले. आम्ही ते आनंदाने भरत होतो. मे महिन्यात रिडिंग झाले, चार महिन्यांचे 780 युनिट एकदम निघाले आणि ते सगळे एकाच महिन्यात वापरल्यासारखे लावले गेले. युनिटचा दर 100, 300 आणि 500 या टप्प्यांवर चढत जातो, हे मला ठाऊकच नव्हते. हेच 780 युनिट चार महिन्यांत वाटले की महिन्याला 195 होतात आणि वरच्या दोन महागड्या टप्प्यांना हातही लागत नाही. शिवाय सरासरीपोटी आधीच भरलेल्या 222 युनिटांचे पैसे वजा झालेले नव्हते, ते वेगळेच. हा हिशेब तुम्ही माझ्या मापांच्या वहीत, एका गिऱ्हाइकाच्या बाहीच्या मापाखाली केलात. ते पान मी जपून ठेवले आहे.

त्याच आठवड्यात एक माणूस येऊन ‘उद्या लाइन कापतो’ असे सांगून गेला, तेव्हा तुम्ही वीज कायदा 2003 चे कलम 56 समजावून सांगितलेत: थकबाकीसाठी वीज तोडायची तर 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि बिलाच्या रकमेबद्दल वाद असेल तर मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम हरकत नोंदवून भरल्यास वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. आमची ती सरासरी 660 रुपये निघाली. ती भरली, पावती घेतली आणि त्या रात्री सासूबाईंनी स्वतः उठून कूलर लावला.

बिल दुरुस्तीचा अर्ज तुम्ही लिहून दिला नाहीत, माझ्याकडूनच दोनदा लिहवून घेतलात आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय वीज कार्यालयाची खिडकी सोडू नका, असे बजावलेत. तिथे काम झाले नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्यापुढे विद्युत लोकपालांचे कार्यालय आपल्या नागपुरातच आहे, असेही सांगून ठेवलेत. तिथवर जावे लागले नाही. तीन हेलपाट्यांनंतर बिल 6,420 रुपयांचे झाले; भरलेले 660 वजा जाता उरलेल्या रकमेचे 1,920 रुपयांचे तीन हप्ते मिळाले. शेवटचा हप्ता आम्ही ऑगस्टमध्ये भरला.

एक भ्रमही तुम्ही दूर केलात. पिवळे रेशन कार्ड असले की विजेचा दर आपोआप कमी लागतो, असे आम्ही धरून चाललो होतो. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांचा सवलतीचा दर महिन्याला सरासरी 30 युनिटांच्या आतल्या वापरासाठी असतो, हे तुमच्याकडून कळले. दोनशे वॅटचा कूलर रोज दहा तास चालला तर पंधराच दिवसांत 30 युनिट होतात. हा आकडा ठरवणाऱ्याने नागपूरचा मे महिना पाहिलेला नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कोराडीच्या वीज केंद्राची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसतात, म्हणून हे जास्तच टोचते.

आणि बिलासाठी आलेले तुम्ही जाताना कूलरच्या लोखंडी अंगाला टेस्टर लावून पाहिलात. दिवा लागला. त्याला अर्थिंगच नव्हते आणि आमचा धाकटा त्याच कूलरमध्ये रोज बादलीने पाणी भरत होता. त्याच संध्याकाळी तुम्ही इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घेतलेत. याचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत, ते मला अजून सुचलेले नाही.

आता ग्रिलची एक किल्ली शेजारी ठेवली आहे आणि दर महिन्याच्या एक तारखेला मोठी मुलगी मीटरचा आकडा त्याच वहीत लिहिते. तुमचे भिंग मात्र आमच्या मशिनच्या खणात राहिले आहे. ते न्यायला याल तेव्हा बर्फीचा विषय काढणार नाही. चहा घ्यावा लागेल.

आपली नम्र,
मागच्या गल्लीतली शिलाईवाली
नागपूर