विषय: अपडेटनंतर तुमच्या गेममध्ये आरटीएक्स २०६० ग्राफिक्स कार्डावर रे ट्रेसिंग बिघडल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

तुमच्या प्रतिनिधीशी बोलून आत्ताच फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो.

ताज्या अपडेटमध्ये तुम्ही रे ट्रेसिंगमधली, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवण्यातली, रिफ्लेक्शनची (प्रतिबिंबांची) अर्ध्या रिझोल्यूशनची सेटिंग काढून टाकली. १०८० पीला पडद्यावर २० लाखांहून जास्त पिक्सेल असतात. अर्ध्या रिझोल्यूशनला रुंदी-उंची दोन्ही निम्मी, म्हणून किरण चौथाईवर येतात, बाकीचं डिनॉइझर, म्हणजे चित्रातले दाणे पुसणारा फिल्टर, सावरून घेतो. तुमच्याच लोकांनी हे छान जमवलं होतं. आता सगळं चालू, नाहीतर सगळं बंद. ६० फ्रेमसाठी एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. पावसातल्या बाजाराच्या सीनमध्ये त्यात काहीच बसत नाही.

हे सांगितल्यावर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "सर, सोलापुरात ऊन फार असतं ना, कार्ड तापत असेल." मी म्हटलं, तापमान समोर दिसतंय, ७१ अंश, क्लॉकही, म्हणजे कार्डाचा वेगही, उतरलेला नाही. कार्डाची ६ जीबी मेमरी मात्र काठोकाठ भरलीय, म्हणून टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) कॉम्प्युटरच्या रॅममधून ओढली जातात आणि कॅमेरा वळवला की गेम अडकतो. तो म्हणाला, "एसी लावून बघितला का?" मी पुन्हा मेमरीचं सांगितलं. "कार्ड २०१९चं आहे सर, नवीन घ्या." लॉग पाठवू का विचारलं, तर म्हणे गरज नाही!

ऊन काय असतं ते सोलापूरकराला शिकवू नका. मे महिन्यात इथे पारा ४२च्या वर जातो, त्यातही हाच गेम याच कार्डावर अपडेटच्या आधी सुरळीत चालत होता. आणि रे ट्रेसिंगसाठी किमान कार्ड म्हणून २०६०चं नाव तुम्हीच छापलंय. ते वाचूनच मी पैसे मोजले.

अर्ध्या रिझोल्यूशनची सेटिंग परत द्या. सावल्या आणि रिफ्लेक्शनला वेगवेगळी बटणं द्या. इमारती जागच्या हलत नाहीत, त्यांची बीव्हीएच, म्हणजे किरण कशाला लागतो ते पटकन शोधायची चौकटींची उतरंड, एकदाच बांधा आणि हलणाऱ्या पात्रांपुरती रिफिट करा, म्हणजे नव्याने न बांधता जुळवून घ्या. पण आधी ती सेटिंग परत द्या.

तुमचा पहिला गेम मी मित्रांना आग्रहाने घ्यायला लावला होता. आता तसं कुणाला सांगवत नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते.

लॉग सोबत जोडले आहेत. ज्याला ते वाचता येतात, अशाच माणसाकडे द्या.

एक ग्राहक, सोलापूर