थुंकीत जंतू नाहीत, तरी क्षयाच्याच गोळ्या

महोदय,

मी माण तालुक्यातली आशा सेविका. गावातले क्षयाचे पेशंट गोळ्या नीट घेतात की नाही, हे बघणं माझं काम. साडेतीन महिने ज्या बाईला मी रोज सकाळी माझ्या हाताने गोळ्या दिल्या, तिला क्षय नव्हताच. ती माझी सासू.

आत्या ५८ वर्षांच्या. विडी सोडाच, मिश्रीसुद्धा कधी दाताला लावली नाही. जन्म मात्र चुलीच्या धुरात गेला. आधी खोकला, मग उजवा खांदा दुखायला लागला, आवाज बसला तो सुटेना. छातीच्या फोटोत डाग दिसला. थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा जंतू निघाले नाहीत. तरी डाग आहे म्हणजे क्षयच, असं धरून औषध चालू झालं.

क्षयाचं औषध लागू पडलं की भूक लागते, वजन चढतं. हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. आत्यांचं वजन ४६ वरून ३९ वर आलं. कुंकू लावायला हात उचलला की बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. बोटांची टोकं फुगून नखं पोपटाच्या चोचीसारखी वळली होती. हेही फुप्फुसाच्या कर्करोगाचं लक्षण असू शकतं, हे मला फार उशिरा कळलं.

शेवटी साताऱ्याला सीटी स्कॅन झाला, सुईने तुकडा काढला. अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग. डॉक्टरांनी समजावलं, फुप्फुसाच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार दोन. एक लहान पेशींचा, झपाट्याने पसरणारा, बहुतेक करून विडी-सिगारेटवाल्यांना होणारा. बाकीचे सगळे दुसऱ्यात, शंभरात सुमारे ८५ रुग्ण त्यातलेच. अ‍ॅडिनोकार्सिनोमा त्यातलाच, आणि कधीच न ओढणाऱ्यांमध्ये जास्त करून हाच सापडतो. त्याच तुकड्यावर ईजीएफआर जनुकाची तपासणी करतात. त्यात ठरावीक बदल निघाला तर गोळ्यांवर उपचार होतो. आत्यांमध्ये तो निघाला. पण तोवर आजार हाडांत उतरला होता. वर्षभराने त्या गेल्या.

आपल्याकडे क्षय खूप आहे, म्हणून डॉक्टरांना आधी तोच आठवतो, हे मी समजू शकते. क्षयाच्या गोळ्या कुणीही मनाने बंद करू नयेत. पण थुंकीत जंतू नाहीत आणि दोन महिन्यांत वजन घटतंच आहे, अशा पेशंटचा सीटी स्कॅन आणि गरज पडली तर बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, करायचीच, असा नियम आरोग्य खात्याने घालून द्यावा. मी आता दर महिन्याला प्रत्येकाचं वजन वहीत लिहिते. घटलं की त्याच आठवड्यात पेशंटला घेऊन तालुक्याला जाते.

– एक आशा सेविका, ता. माण, जि. सातारा