ऋषिकेशला निघण्याआधी

भाट्ये, रत्नागिरी
२० ऑगस्ट

प्रिय संजू,

तुझं पत्र मिळालं. गणपती पोचवले की लगेच सगळं घर घेऊन ऋषिकेशला निघायचं म्हणतोस. जा, नक्की जा. पण एवढ्यात नको. जुलै-ऑगस्टमध्ये तिथलं राफ्टिंग, म्हणजे रबरी होडीतून खळाळत्या गंगेत जाणं, बंदच असतं. सप्टेंबरात पाणी उतरेल तसं ते सुरू होतं. आपल्याकडे होड्या पावसाळ्यात किनाऱ्याला लागतात, तशी त्यांचीही बंदी. दिवाळी होऊ दे. १५ नोव्हेंबरला राजाजी व्याघ्र प्रकल्प उघडतो, आणि तोवर गंगेचा गढूळपणा जाऊन पाणी हिरवंनिळं झालेलं असतं. मे महिना तर मनातही आणू नकोस. चारधामची गर्दी आणि सुट्टीची गर्दी एकाच रस्त्यावर येते, गाड्या तासन्‌तास हलत नाहीत.

तिरुवनंतपुरम नॉर्थहून (पूर्वीचं कोचुवेली) सुटणारी आठवड्यातून एकदाची गाडी कोकण रेल्वेने थेट योगनगरी ऋषिकेशला जाते, रत्नागिरीला थांबते. अण्णांना दिल्लीत गाडी बदलायचा त्रास नको, म्हणून तीच घे.

आता खरं सांगायचं ते. ‘आम्ही खाडीत वाढलेली माणसं, नदीला काय भ्यायचं’ असं तू लिहिलंयस, आणि ते वाचल्यापासून मला चैन नाही. संजू, आपलं पोहणं तिथे उपयोगी पडत नाही. समुद्रात लाट धावते, पाणी बरंचसं जागच्या जागी वरखाली होतं. नदीच्या रॅपिडमध्ये, म्हणजे खळाळत्या उतारावर, उलट असतं. लाट एकाच जागी उभी असते आणि पाणी तिच्यातून धावत सुटतं. डोंगरातल्या ओढ्यांनी आणून टाकलेले धोंडे पात्र अरुंद करतात, तळ एकदम उतरतो, तिथे हे घडतं. आपल्याला सवय लाट ओसरायची वाट बघायची. ही ओसरतच नाही. शिवाय गोडं पाणी खाऱ्यासारखं अंग उचलून धरत नाही, आणि बर्फाचं पाणी अंगावर आलं की पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असलं तर पट्टीचा पोहणाराही गडबडतो.

म्हणून गाइड सुरुवातीला काठावर जे सांगतो ते कान देऊन ऐक, आणि मोठ्यालाही ऐकायला लाव. वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते, तिच्यावरून हात काढायचा नाही. मोकळी सुटली तर शेजाऱ्याचे दात पाडते. पाण्यात पडलास तर उताणा हो, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि वर ठेव. उभं राहायचा प्रयत्न चुकूनही करू नकोस. दोन दगडांत पाऊल अडकलं की मागचं पाणी माणसाला पालथं पाडतं आणि वर येऊ देत नाही. कोणी दोर फेकला तर मुठीत धर, मनगटाला गुंडाळू नकोस. लाइफ जॅकेट इतकं घट्ट हवं की खांद्याला धरून वर ओढलं तरी हनुवटीवर येऊ नये. आम्हाला एका ठिकाणी हेल्मेट दिलं त्याची कडी तुटलेली होती आणि माणूस म्हणत होता, चालतं. आम्ही बदलून मिळेपर्यंत राफ्टमध्ये पाय ठेवला नाही. तूही तसंच कर, भीड धरू नकोस.

राफ्टिंगच्या टप्प्यांचं सांगतो. ब्रह्मपुरीचा सुमारे ९ किलोमीटरचा, अगदी सौम्य. शिवपुरीचा सुमारे १६. ‘रोलर कोस्टर’, ‘गोल्फ कोर्स’ ही रॅपिड त्यातच लागतात. तू, वहिनी आणि मोठा, तिघांनी हाच घ्या. वरचा कौडियालाचा टप्पा लांबलचक, त्यात ‘द वॉल’ ही अवघड रॅपिड आहे. पहिल्याच खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नका. धाकटीला मात्र राफ्टमध्ये घेणार नाहीत, चौदाच्या आतल्या मुलांना परवानगी नाही. ती रडेल, आधीच समजावून ठेव.

तिच्यासाठी कुंजापुरी देवीचं डोंगरावरचं देऊळ आहे. पहाटे अंधारात जीपने वर जायचं, तीनेकशे पायऱ्या चढायच्या आणि देवळाच्या आवारात उभं राहायचं. चौखंबा, बंदरपूंछ, स्वर्गारोहिणी या शिखरांवर आधी उजेड पडतो, खालच्या दऱ्या अजून निळ्या असतात. हिमालयाची ती रांग तिने एकदा बघावीच. उतरताना गावागावांतून नीर धबधब्यापर्यंत चालत येता येतं; तुम्ही चाला, अण्णांना जीपने पाठव. राजाजीत चीला बाजूने सफारी घ्या, हत्ती दिसण्याची आशा बरी असते.

मोहनचट्टीला ८३ मीटरवरून बंजी उडी, म्हणजे पायाला दोर बांधून खाली झेप, आहे. तुझी कंबर धरते, तेव्हा ती नको.

एक फार महत्त्वाचं. रेतीच्या काठाला पाणी शांत दिसेल आणि तुला डुबकी मारावीशी वाटेल. मारू नकोस. दोन पावलांवर तळ सुटतो. वर भागीरथीवर टिहरी धरण आहे, विजेसाठी पाणी सोडलं की पातळी चढते. आपण भरती-ओहोटी तिथीवरून सांगतो, तिकडे तिथीचा काही संबंध नाही. आंघोळ करायचीच तर घाटावर, साखळी धरून. अण्णांचा हात तू स्वतः धर.

आणि हो, ऋषिकेशात मासे मिळायचे नाहीत, गाव पूर्ण शाकाहारी आहे. अण्णा एखादा दिवस कुरकुरतील, मग आलू-पुरीवर रमतील.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे नोव्हेंबरच्या उत्तरार्धातली तिकिटं सप्टेंबरात काढायला हवीत. तारीख ठरव आणि उलट टपाली कळव, मी इथूनच काढतो. वहिनींना आणि अण्णांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
दिलीप