दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी नसेन

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भलतंच बोलून बसले, म्हणून शेवटी लिहायला घेतलं. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. बाबा, तरीही तुम्ही वाचायचा हट्ट करू नका, आईला मोठ्याने वाचू दे. आणि आई, मधलं गाळून शेवटाकडे जाऊ नकोस.

या सुट्टीत मी घरी येत नाहीये. सुट्टीभर हॉस्टेलवर राहते असं ऑफिसात लिहूनही दिलंय. म्हणजे बाबांच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नसेन. पहिल्या वेळी आईचा हात धरून बाहेरच्या बाकावर बसले होते, ते आठवलं की आत्ताही पोटात कालवतं. दादाशी सगळं बोलून ठेवलंय. तो आदल्या दिवसापासून रजा घेतोय आणि वहिनी पुढचे चार दिवस तुमच्याकडेच राहणार आहे. डॉक्टर तेच आहेत, त्याच दिवशी घरी सोडणार आहेत. मामाच्या वेळी झालं तसं यावेळी होणार नाही, एवढं मी दादाकडून वदवून घेतलंय. हे सगळं खरं असलं तरी मी तिथे नसणार, आणि त्यासाठी जीव तुटतो.

कारण सांगते. माझा या सत्राचा मोठा निबंध परत आला. नापास म्हणत नाहीत त्याला, ‘पुन्हा लिहून द्या’ असा शेरा आहे आणि सहा आठवड्यांची मुदत आहे. पण बाबा, सतरा वर्षं नोकरी करून, बिनपगारी रजा टाकून शिकायला आलेल्या मला तो शेरा फार लागला. दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. तुम्ही त्या दोन दिवसांत ‘आवाज बसलाय का’ असं विचारलंत, तेव्हा हो म्हणाले होते.

पहिल्या दीड पानावर मॅडमनी पेन्सिलीने उभी रेघ ओढली होती आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘इथपर्यंत तुम्ही काहीच म्हटलेलं नाही.’ खाली प्रश्न जसाच्या तसा उतरवून त्यातल्या एकाच शब्दाभोवती गोल केला होता. प्रश्न असा होता: ‘छपाईमुळे युरोपात ज्ञानाचा प्रसार झाला, हे विधान कितपत खरे आहे?’ गोल होता ‘कितपत’वर.

तो शब्द मी वाचलाच नव्हता, आई. मी छपाईची थोरवी लिहीत सुटले. सुरुवात काय केली होती सांगू? ‘आदिम काळापासून मानव ज्ञानाच्या शोधात आहे.’ पुढे दिवा, अंधार, पहाट, सगळं आलं. मग युरोपात छापखाना सुरू करणारा गुटेनबर्ग, मग त्याने छापलेलं बायबल, मग हळूहळू सगळं जग शहाणं झालं. वाचायला ते छान वाटतं, अजूनही वाटतं. पण कितपत खरं, याचं उत्तर त्या २००० शब्दांत कुठेच नव्हतं.

आता बाबा, पुढचं नीट ऐका आणि मनाला लावून घेऊ नका. ती सुरुवात तुम्ही शिकवलेली होती. सुरुवात भारदस्त हवी, मधे दाखले हवेत, शेवट सुविचाराने व्हावा. त्या शिकवणीवर मी शाळेत किती बक्षिसं आणली, ती कपाटाच्या वरच्या खणात तुम्ही अजून ठेवलीत. शाळेला हवा होता तसा निबंध तुम्ही मला शिकवलात आणि त्यात काही चुकलं नाही. इथे मागतात ती वस्तूच वेगळी आहे. नाव तेवढं एक आहे, म्हणून माझा घोटाळा झाला. शाळेत विषय फुलवायचा असतो. इथे प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं, आणि ते उत्तर मला नेमकं ठाऊक आहे हे पहिल्या परिच्छेदातच दाखवायचं असतं.

म्हणून आधी ते उत्तर शोधावं लागलं. गुटेनबर्गचं बायबल १४५५च्या सुमारास छापून झालं. त्यानंतर १५०० सालापर्यंतची छापील पुस्तकं बघितली तर त्यातली बहुतेक लॅटिनमध्ये आहेत, आणि लॅटिन वाचू शकणारी माणसं होती मूठभर. हे माझ्या टिपणांत आधीपासून होतं! मी ते ‘दाखला’ म्हणून सातव्या पानावर टाकलं होतं, आणि ते माझ्याच म्हणण्याच्या आड येतंय हे मला दिसलं नव्हतं. आता पहिलं वाक्य असं केलंय: ‘पहिल्या ५० वर्षांत छपाईने नवे वाचक फारसे घडवले नाहीत, जे आधीच वाचत होते त्यांच्या हातात जास्त पुस्तके दिली.’ आई, यात शोभा काही नाही. पण यावर कुणी माझ्याशी भांडू शकतं. मॅडम म्हणतात, ज्यावर कुणी भांडूच शकत नाही ते वाक्य निबंधाचा मुद्दा होऊ शकत नाही. मला हे फार पटलं. ‘आदिम काळापासून’वर कोण भांडणार?

आणि बाबा, हे वाक्य लिहिलं तेव्हा तुमचाच आवाज कानात आला. जेवताना कुणी काही ठामपणे बोललं की तुम्ही मान वर न करता विचारायचात, ‘कशावरून?’ दादा चिडायचा, मी रडायचे, आणि तुम्ही शांतपणे पुन्हा तेच विचारायचात. मी इथे येऊन जे शिकतेय ते एवढंच आहे. टूलमिन नावाच्या एका ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ साली युक्तिवादाची मांडणी केली. त्यात दावा असतो, आधार असतो, आणि या आधारावरून हा दावा निघतोच कसा हे सांगणारा तिसरा दुवा असतो. माझ्या निबंधात पहिले दोन होते. ‘बहुतेक पुस्तके लॅटिनमध्ये होती’ एवढं लिहून मी पुढे गेले होते. त्याने काय सिद्ध झालं, ते वाचणाऱ्यावर सोडलं होतं. तो तिसरा दुवा म्हणजे तुमचं ‘कशावरून’. निबंध या शब्दातही बांधणंच आहे म्हणा, आणि माझं सगळं सुटं होतं. सुरुवात मी टाकली, बाबा, पण ‘कशावरून’ घेऊन आलेय.

आईचंही घेतलंय. आई, शाळेतून येऊन मी काही तरी लांबण लावली की तू कामातून वर न बघता म्हणायचीस, ‘बरं, मग?’ तेव्हा वाटायचं, तुझं लक्ष नाही. आता प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी मी ते स्वतःला विचारते. उत्तर आलं नाही, तर तो परिच्छेद तिथे कशाला आहे?

आता जरा अवघड गोष्ट. ही दादाने सांगण्याआधी मीच सांगते. निबंध तपासण्यासाठी जे सॉफ्टवेअर असतं, त्यात माझी सात-आठ वाक्यं दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळली. मी चोरी केली नाही, आई. मॅडमनाही तसं वाटलं नाही, त्या अगदी समजुतीने बोलल्या. झालं असं, की वाचताना आवडलेली वाक्यं मी टिपणवहीत उतरवून घेत गेले, अवतरणचिन्हं न टाकता, पान क्रमांक न लिहिता. महिन्याभराने ती वही उघडली तेव्हा माझं कुठलं आणि परक्याचं कुठलं, हे मलाच ओळखू येईना. एखाद-दुसरा शब्द बदलला आणि आपलं झालं असं वाटलं. तसं चालत नाही. वाक्याचा सांगाडा दुसऱ्याचा आणि वरचे शब्द माझे, हेही उसनंच असतं, आणि उसनं घेतल्याचं सांगावं लागतं.

आता पद्धत बदललीय. वाचते, पुस्तक मिटते, ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवते, आणि मग काय कळलं ते माझ्या भाषेत लिहिते. जमलं नाही तर कळलंच नाही असं धरायचं आणि पुन्हा वाचायचं. लिहून झाल्यावर पुस्तक उघडून पडताळायचं आणि लेखक, साल, पान तिथल्या तिथे लिहायचं. दुसऱ्याचे शब्द हवेच असतील तर ते हिरव्या शाईने, अवतरणात. वेळ फार जातो. एका संध्याकाळी तीनच पानं होतात.

बाबा, ती निळी वही आठवते? सुंदर वाक्यांची? तुम्ही सांगायचात आणि मी उतरवून घ्यायचे, आणि कितीदा तशीच वहीवर डोकं ठेवून झोपून जायचे. सकाळी गालावर शाईची उलटी अक्षरं असायची आणि आई ओल्या फडक्याने पुसताना ती वाचून दाखवायची. त्या वहीत एकाही वाक्याखाली लेखकाचं नाव नाही, हे मला इतक्या वर्षांनी आत्ता लक्षात आलं. हा तुमचा दोष नाही. तुम्ही मला वाक्याची गोडी लावलीत, आणि ती नसती तर मी या वयात इथे आलेच नसते. फक्त एक करा. डोळा पूर्ण बरा झाला की सावकाश, रोज एक-दोन वाक्यं घेऊन, कुणाचं कुठलं ते तुम्हाला आठवतंय का ते आईला सांगा. ती खाली नावं लिहील. आणि आवराआवरीत ती वही रद्दीत जाऊ देऊ नका.

हे सगळं घरी येऊन करता आलं नसतं का, असं आई विचारणार. विचार केला होता. पण सुट्टीतच मॅडमना वेळ आहे. इथल्या लेखन मार्गदर्शन केंद्रात मला आठवड्यातून दोनदा तास मिळालाय. समोर बसवून माझं लिखाण मलाच मोठ्याने वाचायला लावतात. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य बिघडलेलं असतं, आणि डोळ्याने वाचताना ते कधीच दिसत नाही. गेल्या आठवड्यात एक व्यायाम दिला. प्रत्येक परिच्छेद काय म्हणतोय ते समासात एका ओळीत लिहायचं, आणि मग फक्त त्या ओळी वाचायच्या. माझे चौदा परिच्छेद होते. तीन ओळी एकच गोष्ट सांगत होत्या, आणि दोन परिच्छेदांसाठी मला ओळच लिहिता आली नाही. उरलेले कसेही वर-खाली केले तरी काही बिघडत नव्हतं. म्हणजे एकातून दुसरा निघतच नव्हता. आता नऊ परिच्छेद आहेत. कापताना हात थरथरला, पण कापले.

हे शिकले नाही तर पुढच्या वर्षी प्रबंधाला हात घालता येणार नाही, आणि रजा वाढवून मिळणार नाही. शिवाय घरी आले की मी फक्त तुमची मुलगी होते. सकाळी उशिरापर्यंत लोळते, आईच्या मागे मागे फिरते, वही पिशवीतून बाहेर येत नाही. ते मला हवंच असतं, म्हणून तर भीती वाटते.

माझी काळजी करू नका. खोली कोरडी आणि शांत आहे. टेबल खिडकीशी आहे, दिवा डाव्या बाजूला ठेवलाय, बाबांनी सांगितला होता तसा. पाठीला टेकायला उशी घेतलीय. जेवण वेळेवर होतं. अकराला दिवा बंद करते, खरंच करते. परीक्षेच्या त्या वर्षासारखं मी परत काही करणार नाही, शपथ.

आता तुमच्यासाठी, आणि यात सूट नाही. बाबा, डोळा चोळायचा नाही, खाज आली तरी. वाकून जड काही उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. रात्री ते पारदर्शक कवच लावूनच झोपायचं, मागच्या वेळी तिसऱ्या रात्री काढून ठेवलंत ते मला कळलंय. दुखलं, लाल झालं किंवा एकाएकी कमी दिसायला लागलं तर सकाळची वाट न बघता दादाला उठवायचं. आई, तू स्टुलावर चढायचं नाहीस. रक्तदाबाची गोळी बाबांच्या गडबडीत चुकवायची नाहीस. रोज रात्री साडेआठला मी फोन करीन आणि आधी गोळीचंच विचारीन.

ऑपरेशनच्या दिवशी मी तास ठेवलेला नाही. फोन हातात धरून बसेन. बाहेर आल्याआल्या दादाने आधी मला सांगायचं, मग बाकीच्यांना. बाबा बोलू शकले तर त्यांनाच द्या, दोनच शब्द पुरेत.

नवा निबंध झाला की सगळ्यात आधी तुम्हाला वाचून दाखवणार आहे, फोनवर, पूर्ण. मधे मधे ‘कशावरून?’ विचारा. यावेळी रडणार नाही.

तुमची,
धाकटी

ता. क. थेंबांच्या दोन बाटल्या आहेत, दोन्ही एकापाठोपाठ घालू नका, मधे पाच मिनिटं जाऊ द्या. आई, आधी हात धू.