तक्ता डॉलरचा, निष्कर्ष देशाचा

महोदय,

अर्थसंकल्पाच्या निमित्ताने आपण भारत, चीन आणि अमेरिकेच्या दरडोई उत्पन्नाचा तक्ता छापलात आणि 1991 सालच्या आर्थिक सुधारणांनी देशाची दिशा पालटली, असे त्यावरून ठरवून टाकलेत. हे पटले नाही.

तक्ता डॉलरमध्ये होता, मेख तिथेच आहे. 6 जून 1966 रोजी डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून थेट साडेसात रुपयांवर गेला. डॉलरच्या हिशेबात भारतीयाचे उत्पन्न एका रात्रीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटले. घराघरांतली ज्वारी काही त्या रात्री तेवढी घटली नव्हती! (दुष्काळ होता, ती गोष्ट वेगळी.) जुलै 1991 मध्ये दोन टप्प्यांत रुपया पुन्हा उतरवला गेला. आकड्यांतली अशी खाच चलनाची असते, उत्पन्नाची नव्हे. आमच्या उद्यमबागेत, बेळगावच्या या कारखान्यांच्या वसाहतीत, हे रोज दिसते. रुपया घसरला की निर्यात करणाऱ्या फाउंड्रीची (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याची) उलाढाल वहीत फुगते. गाडीत चढणारे ओतीव नग मात्र तेवढेच. शिवाय परदेशी गिऱ्हाईक लगेच भाव पाडून मागतो, ते निराळेच.

स्थिर किमतींनी, म्हणजे महागाई वगळून एकाच वर्षाच्या भावांनी मोजा. 1950 ते 1980 आपली वाढ वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, त्यातले दोनाहून अधिक लोकसंख्येने खाल्ले. अमेरिकेच्या तुलनेत आपण मागेच सरकत होतो. 1980 च्या दशकात वाढ साडेपाच टक्क्यांच्या घरात गेली, वळण तिथले. 1991-92 साली तर ती दीड टक्काही नव्हती.

तुलनेचा देश बदलला की वळणाचे सालही बदलते. 1990 च्या सुमारास चीनचे आणि आपले दरडोई उत्पन्न जवळपास सारखे होते. आज त्यांचे साधारण पाचपट आहे. आपण या काळात थांबलो नव्हतो, वाढतच होतो. चीनने 1978 पासून सुधारणा केल्या, 2001 मध्ये तो जागतिक व्यापार संघटनेत शिरला आणि सुसाट सुटला. म्हणजे तक्त्यातली ही दरी त्यांच्या वेगाची आहे. तिचे खापर किंवा श्रेय आपल्या एखाद्या अर्थमंत्र्याच्या माथी मारणे सोपे, पण चूक.

सीमाप्रश्नावर आपण पानेच्या पाने छापता, छापावीतच. पण पुढच्या वेळी असा तक्ता देताना डॉलरशेजारी स्थिर किमतींचा एक रकाना द्यावा, आणि जमल्यास बेळगाव जिल्ह्याच्या उत्पन्नाचाही.

– एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव