गोळी लिहिण्याआधी एवढं विचारा

संपादक महोदय, स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला नैराश्यावरचा लेख वाचला. लेखक डॉक्टर आहेत, त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण ‘फॅमिली डॉक्टरही उपचार सुरू करू शकतात’ एवढं सांगून थेट प्राणायामावर उडी? याआधी कधी दोन-तीन तासांच्या झोपेवर भागलं, तरी अंगात दहा माणसांचं बळ, तोंडाची टकळी चालू आणि हातात पैसा टिकत नाही, असे दिवस आले होते का? उदासीची गोळी लिहिण्याआधी हे विचारायचं असतं. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

आमच्या भाऊजींनाही कोणी विचारलं नाही. जेवण नको, दुकान उघडणं नको. गल्लीतल्या डॉक्टरांनी बी-१२चं इंजेक्शन टोचलं आणि डिप्रेशनची गोळी लिहिली. महिनाभरात भाऊजी रात्री दोनला सराफ्यात, इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत! अनोळखी लोकांना गराडू (तळलेला मसालेदार कंद) खिलवतायत, बिल कोणाला देऊ देत नाहीत. व्यापाऱ्याला द्यायच्या पैशांतून जुनी जीप बुक केली. डॉक्टर खूश, म्हणे औषध लागू पडलं. पडलंच! बायपोलर आजारात, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी असा अतिउत्साह येतो त्या आजारात, मूड स्थिर ठेवणारं औषध न देता नुसती उदासीची गोळी दिली, तर माणूस असा दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो.

शेवटी मानसोपचारतज्ज्ञांनी तोच प्रश्न जाऊबाईंना विचारला. त्यांना लगेच आठवलं, थोरल्याच्या बारशाच्या आधी भाऊजी रात्र-रात्र जागून भिंती रंगवत होते. एवढ्याच माहितीसाठी वर्ष गेलं आणि उधारी झाली ती वेगळी.

आता लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध चालू आहे. औषध स्वस्त आणि जुनं, १९४९ पासूनचं. पण रक्तातली पातळी, किडनी, थायरॉइड तपासत राहावं लागतं. मे महिन्यात गुडघा धरला म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी चालू औषधांचा कागद न बघताच आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी दिली. त्यानं लिथियमची पातळी चढते, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर आणखीच. भाऊजींच्या हातात कपबशी खडखडायला लागली तेव्हा आमची धावपळ. हेही त्या लेखात बसलं असतं, प्राणायामाचा एक परिच्छेद कमी करून.

आणि हो, त्याच पानावर ‘डिप्रेशन २१ दिवसांत मुळापासून, गॅरंटीसह’ ही जाहिरात कोणी पास केली? मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर छापायला मात्र आपल्याकडे जागा नव्हती.

आपली,
एक जुनी वाचक, रामबाग, इंदूर